आकाशगंगेच्या चुंबकत्वाचा नकाशा

हिवाळ्यात अंधार पडल्यावर उत्तरेकडे पाहिले की शर्मिष्ठेचे पाच तारे लगेच ओळखू येतात. त्यांच्या शेजारीच ययाती. डोळ्यांना तिथे काही तारे आणि आकाशगंगेचा फिकट पट्टा, एवढेच दिसते. पण ध्रुवित रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीला हाच भाग सबंध आकाशातल्या सर्वांत तेजस्वी प्रदेशांपैकी एक वाटतो. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश जागा व्यापतो. हा प्रदेश पन्नास अंशांहून अधिक पसरलेला आहे. खगोलशास्त्रज्ञ त्याला ‘फॅन रीजन’ म्हणतात. हे तेज कोणत्या ताऱ्याचे नाही, की एखाद्या अभ्रिकेचे नाही. ताऱ्यांमधल्या पोकळीत पसरलेले चुंबकीय क्षेत्र आणि त्या क्षेत्रात जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने घिरट्या घालणारे इलेक्ट्रॉन मिळून ते निर्माण करतात.

आकाशगंगेला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत क्वचितच येते. ते अतिशय क्षीण आहे. होकायंत्राची सुई वळवणारे पृथ्वीचे क्षेत्र साधारण अर्ध्या गॉसचे. सूर्याच्या आसपासच्या आंतरतारकीय अवकाशातले क्षेत्र सुमारे ५ मायक्रोगॉसचे, म्हणजे त्याच्या लाखाव्या भागाइतके. पण पृथ्वीचे क्षेत्र एका ग्रहाभोवती संपते आणि हे हजारो प्रकाशवर्षे पसरते. एवढ्या आकारमानात साठलेली त्याची ऊर्जा तिथल्या वायूच्या खळबळीशी आणि विश्वकिरणांच्या ऊर्जेशी बरोबरी करते. वायूचे ढग आकुंचन पावून तारे जन्मतात तेव्हा हे क्षेत्र त्यांना अडवते. विश्वकिरणांना ते इतके वळवते, की ते मुळात कुठून निघाले याचा माग त्यांच्या दिशेवरून लागत नाही. आकाशगंगेचा तोल सांभाळणाऱ्या शक्तींमध्ये याची गणना होते, आणि तरीही आपण त्याला गेल्या पाऊणशे वर्षांतच ओळखू लागलो.

उशिराचे कारण सरळ आहे: चुंबकीय क्षेत्र स्वतः प्रकाशत नाही. ते जिथे आहे तिथे जाऊन मोजावे, तर आजवर फक्त दोन व्हॉयेजर यानांना ते जमले. पहिले २०१२ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये सौरवाऱ्याची हद्द ओलांडून बाहेर पडले. आकाशगंगेच्या हिशेबात हे घराच्या उंबऱ्यावर पाऊल टाकण्याइतकेही नाही. बाकी सारे ज्ञान आडवाटेने आलेले आहे. कोणीतरी दुसरेच काही शोधत होते आणि मध्ये हे क्षेत्र आले, असे या इतिहासात पुनःपुन्हा घडले.

पहिला प्रसंग १९४९ सालचा. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी गणिताने दाखवले होते, की अतिउष्ण ताऱ्याच्या कडेकडून येणारा प्रकाश काही प्रमाणात ध्रुवित असला पाहिजे. एक तारा दुसऱ्याला झाकत असताना हा परिणाम पकडता येईल, अशा आशेने विल्यम हिल्टनर आणि जॉन हॉल या दोघा अमेरिकनांनी मोजमाप सुरू केले. ध्रुवण सापडले, पण ग्रहण असो वा नसो, ते तसेच राहत होते. शिवाय जे तारे कोणाच्या आड जातच नाहीत त्यांच्याही प्रकाशात ते होते, आणि जितकी धूळ मध्ये जास्त तितके ते जास्त होते. म्हणजे ध्रुवण ताऱ्याचे नव्हते, वाटेचे होते. आंतरतारकीय धुळीचे लांबट कण कोणत्या तरी शक्तीने एका शिस्तीत उभे केले होते, आणि ती शक्ती म्हणजे चुंबकीय क्षेत्र. त्याच वर्षी एन्रिको फर्मी वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत होते: विश्वकिरणांना एवढी प्रचंड ऊर्जा देते कोण? त्यांनीही उत्तरात ताऱ्यांमधल्या फिरत्या चुंबकीय ढगांचा आधार घेतला. पुढे १९५३ मध्ये चंद्रशेखर आणि फर्मी यांनी मिळून ताऱ्यांच्या ध्रुवणाच्या रेषा किती विस्कटलेल्या आहेत यावरून क्षेत्राची तीव्रता काढली. उत्तर आले सुमारे ७ मायक्रोगॉस. हाती असलेली सामग्री किती तोकडी होती हे लक्षात घेतले, तर आजच्या आकड्याच्या इतक्या जवळ पोहोचणारा तो अंदाज थक्क करतो. ती पद्धत त्या दोघांच्या नावाने आजही वापरात आहे.

धुळीवर विसंबणाऱ्या या मार्गाला मात्र मर्यादा होती. धूळ दाट झाली की तारेच दिसेनासे होतात. धुळीतून आरपार जाणारी आणि आकाशाच्या प्रत्येक दिशेने येणारी एक खूण हवी होती. ती खूण १९३० च्या दशकापासून कानांवर येत होती. तिचा अर्थ तेवढा लागला नव्हता.

अटलांटिकपार टेलिफोनमध्ये होणाऱ्या खरखरीचा उगम शोधताना कार्ल जान्स्की यांना आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी सापडल्या. १९३३ मध्ये ते जाहीर झाले. तापलेल्या वायूपासून एवढे तेज, आणि तेही कमी वारंवारतेला जास्त, असे येणे शक्य नव्हते. कोडे सुटायला १९४७ साल उजाडले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतल्या सिंक्रोट्रॉन यंत्रात चुंबकांच्या बळावर गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांतून प्रकाश बाहेर पडताना दिसला. वेगवान इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात वळतो तेव्हा तो ऊर्जा लहरींच्या रूपाने टाकतो. यालाच सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणू लागले. १९५० मध्ये हान्स आल्व्हेन आणि निकोलाय हेर्लोफ्सन यांनी, तसेच स्वतंत्रपणे कार्ल कीपनहॉयर यांनी सुचवले, की आकाशातल्या रेडिओ लहरींमागेही हीच क्रिया असावी. सोव्हिएत संघात गिन्झबर्ग आणि श्क्लोव्हस्की यांनी हा विचार पुढे नेला. श्क्लोव्हस्की यांचे म्हणणे होते की १०५४ साली दिसलेल्या स्फोटाचे अवशेष असलेली क्रॅब अभ्रिका याच प्रारणाने उजळलेली आहे. तसे असेल तर तिचा प्रकाश जोरदार ध्रुवित असायला हवा. १९५४ मध्ये तो तसा आढळला.

ध्रुवण इतके निर्णायक का, हे समजून घेण्यासारखे आहे. दोरीचे एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरे हातात धरले आणि हात खाली-वर हलवला तर दोरीत उभ्या लाटा धावतात. डावी-उजवीकडे हलवला तर आडव्या. लाट तीच, वेगही तोच, फक्त थरथरण्याची दिशा वेगळी. तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या लहरींमध्ये अशा सगळ्या दिशा सारख्याच मिसळलेल्या असतात. सिंक्रोट्रॉन प्रारणात तसे नसते. तिथे लहरीचे विद्युत् कंपन चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला काटकोनात होते. क्षेत्र अगदी सरळ आणि नीटस असेल तर जवळजवळ तीन चतुर्थांश प्रारण एकाच दिशेत कंप पावते. म्हणून दुर्बिणीने कंपनाची दिशा मोजावी, ती नव्वद अंशांनी फिरवावी, की आकाशाच्या त्या बिंदूपाशी चुंबकीय क्षेत्र कसे कलले आहे ते कळावे. आणि ध्रुवण किती टक्के उरले आहे यावरून क्षेत्र किती सुसूत्र आहे आणि किती गुंतलेले, हेही कळावे. कागदावर हे इतके सोपे दिसते.

नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो येथील २५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर वेस्टरहाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि केंब्रिजमध्ये विलेबिन्स्की, शेकशाफ्ट आणि पॉलिनी-टोथ यांनी १९६२ मध्ये ४०८ मेगाहर्ट्झवर आकाशगंगेच्या पार्श्वभूमीतले ध्रुवण पक्के केले. ड्विंगेलोच्या दुर्बिणीने पुढे बरीच वर्षे पाच वेगवेगळ्या वारंवारतांवर उत्तर आकाश न्याहाळले. ब्रौव आणि स्पूल्स्ट्रा यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेली ती मोजमापे पुढची तीन दशके या विषयाचा मुख्य आधार होती. फॅन रीजनचा पसारा त्यांत स्पष्ट उमटलेला आहे.

पण वेगवेगळ्या वारंवारतांवरचे नकाशे एकमेकांशी जुळत नव्हते. एकाच जागी रेषा वेगवेगळ्या दिशांना रोखलेल्या. वाटेत काहीतरी त्यांना वळवत होते.

ते काय आहे हे मायकेल फॅरेडे यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून ठेवले होते. १३ सप्टेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी स्वतः बनवलेल्या शिसेयुक्त जड काचेतून दिव्याचा ध्रुवित प्रकाश पाठवला आणि शेजारी शक्तिशाली विद्युत् चुंबक चालू केला. प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळली. प्रकाश आणि चुंबकत्व यांचे नाते सांगणारा तो पहिला प्रयोग. काचेच्या जागी आकाशगंगेतला विरळ आयनित वायू आणि विद्युत् चुंबकाच्या जागी तिचे क्षेत्र ठेवले, की तेच नाट्य हजारो प्रकाशवर्षांच्या रंगमंचावर घडते. १९६२ मध्येच ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स येथील नव्याकोऱ्या ६४ मीटर दुर्बिणीवर ब्रायन कूपर आणि मार्कस प्राइस यांनी नरतुरंग तारकासमूहातल्या ‘सेंटॉरस ए’ या दीर्घिकेच्या लहरी वाटेत अशाच वळलेल्या असल्याचे दाखवले.

या वळणाचा नियम देखणा आहे. कंपनाची दिशा किती फिरेल हे तरंगलांबीच्या वर्गावर अवलंबून असते, आणि त्याला गुणणारा आकडा वाटेतले इलेक्ट्रॉन किती आणि चुंबकीय क्षेत्राचा आपल्या दृष्टिरेषेवरचा भाग किती यांवरून ठरतो. हा आकडा समजा १० रेडियन प्रति चौरस मीटर आहे. आकाशात असे आकडे नेहमीचेच. तर ४०८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ७३ सेंटिमीटर तरंगलांबीला, दिशा सुमारे ३१० अंश फिरते. २१ सेंटिमीटरला २६ अंश. ६ सेंटिमीटरला जेमतेम २ अंश. २३ गिगाहर्ट्झवर अंशाचा दहावा भाग. लांब लहरी पार भिरभिरतात, आखूड लहरी जवळजवळ सरळ येतात. क्षेत्र आपल्या दिशेने येत असेल तर हा आकडा धन, दूर जात असेल तर ऋण. म्हणून जो अडथळा नकाशा बिघडवत होता, तोच एक नवी बातमी घेऊन आला. मूळ ध्रुवण क्षेत्राचा आकाशाच्या पटावरचा, म्हणजे आडवा, भाग सांगते. वळण त्याचा आपल्याकडे येणारा किंवा आपल्यापासून जाणारा भाग सांगते. दोन्ही मिळाले तर तिन्ही मितींतल्या क्षेत्राचे रूप हाती येऊ लागते. मला या साऱ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अडचण उरते ती खोलीची. समोरून येणारे प्रारण एका जागेवरून येत नाही. जवळचा थर, मधला थर, दूरचा थर, सगळेच चमकतात, आणि जवळचे थर दूरच्यांना वळवतातही. एका थराची लहर उभी आणि दुसऱ्याची आडवी होऊन दुर्बिणीत पोहोचली तर दोघींचे ध्रुवण परस्परांना पुसून टाकते. प्रारण भरपूर असते, पण ध्रुवण शून्य. नेदरलँड्समधल्याच वेस्टरबोर्क दुर्बीणसमूहावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३२५ मेगाहर्ट्झवर घेतलेल्या प्रतिमांमध्ये असे काही दिसले, की पाहणाऱ्यांना प्रथम यंत्रदोषाचीच शंका यावी. एकूण तेजाच्या नकाशात जिथे काहीही नाही तिथे ध्रुवणाच्या नकाशात ठिपके, धागे आणि काळ्या नागमोडी रेषा. त्या काळ्या रेषांना पुढे ‘कॅनॉल’ म्हणू लागले. तिथे कुठली वस्तू नाही. शेजारच्या थरांच्या वळणांनी परस्परांना रद्द केलेल्या त्या जागा आहेत. आपल्या आणि प्रारणाच्या उगमाच्या मध्ये असलेल्या, एरवी पूर्णपणे अदृश्य अशा आयनित वायूची ती छायाचित्रे होती. २०११ मध्ये ब्रायन गेन्सलर आणि सहकाऱ्यांनी ध्रुवण जागोजागी किती झपाट्याने बदलते याचा नकाशा काढून त्या वायूतल्या खळबळीचा वेग पारखला, आणि ती खळबळ ध्वनीच्या वेगाच्या आगेमागेच असल्याचे दाखवले.

थर सुटे करायचा उपाय १९६६ मध्ये बर्न यांनी कागदावर मांडला होता. प्रत्येक थराचे वळण तरंगलांबीच्या वर्गाबरोबर आपापल्या गतीने वाढते. तेव्हा लगतच्या शेकडो-हजारो वारंवारतांवर ध्रुवण मोजले, तर गणिताच्या साहाय्याने प्रत्येक गती वेगळी काढता यावी. त्या काळच्या दुर्बिणी मात्र एका वेळी एखाद-दुसऱ्या वारंवारतेवर ऐकत. शिवाय दोन-तीनच वारंवारता असल्या तर एक घोटाळा अटळ होता: कंपनाची दिशा १८० अंश फिरली तरी ती पूर्वीसारखीच दिसते, त्यामुळे वाटेत किती अर्धे फेरे पडले हे ठरवता येत नाही. रुंद पट्ट्यावर एकाच वेळी हजारो वाहिन्या ऐकणारी डिजिटल यंत्रे आली आणि २००५ मध्ये मिखिएल ब्रेन्ट्येन्स आणि गेर दे ब्रौन यांनी बर्न यांची कल्पना प्रत्यक्ष वापरण्याजोगी केली. तेव्हापासून या नकाशांना खोली आली. मात्र ही खोली प्रकाशवर्षांत मोजलेली नसते. वळणात मोजलेली असते, आणि तिचे अंतरात रूपांतर करायला इतर पुरावे लागतात.

याच पद्धतीवर उभा असलेला सर्वांत मोठा उपक्रम म्हणजे ‘ग्लोबल मॅग्नेटो-आयॉनिक मीडियम सर्व्हे’, संक्षेपाने जीमिम्स. ३०० ते १८०० मेगाहर्ट्झ या सलग पट्ट्यात, उत्तर आणि दक्षिण दोन्ही आकाशांचे ध्रुवण मोजायचे, हे त्याचे ध्येय. उत्तरेसाठी कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पेंटिक्टनजवळच्या वेधशाळेच्या २६ मीटर आणि १५ मीटरच्या दुर्बिणी, दक्षिणेसाठी पार्क्स. जगभर किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेले दुर्बीणसमूह उभे राहत असताना १९६० च्या सुमाराची एकटी २६ मीटरची थाळी कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर त्या समूहांच्या स्वभावातच आहे. दूर दूर ठेवलेल्या थाळ्यांचे संकेत जोडले की बारीक तपशील दिसतो, पण थाळ्यांमधल्या अंतरामुळे आकाशावर अंशन् अंश पसरलेले, सावकाश बदलणारे तेज त्यांच्या हातून निसटते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांनाही हाच नियम लागू आहे. शेजारच्या सर्पिल दीर्घिकांमधले कमी वारंवारतेचे प्रारण टिपून त्यांच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता काढण्याचे काम तिथे झाले आहे, कारण त्या दीर्घिका आकाशात लहान दिसतात. आपली आकाशगंगा मात्र सगळ्या आकाशभर आहे. तिच्यासाठी एकच थाळी आणि भरपूर सबुरी लागते.

सबुरी कशासाठी, हे सांगायलाच हवे, कारण असे नकाशे पाहताना त्यांच्यामागचे कष्ट दिसत नाहीत. आकाशातून येणारे ध्रुवित तेज तापमानाच्या भाषेत केल्व्हिनच्या अंशांत असते; जमीन सुमारे ३०० केल्व्हिनला चमकत असते आणि तिचे थोडेसे प्रारण थाळीच्या कडेवरून आत झिरपते. वर ते स्वतःही थोडे ध्रुवित. दुर्बीण कललेल्या कोनानुसार त्याचे प्रमाण बदलते. त्यावर उपाय म्हणून पार्क्सवरच्या एका सर्वेक्षणात दुर्बिणीची उंची कायम ठेवून ती क्षितिजाला समांतर लांबलांब झुलवत नेली. पृथ्वीच्या फिरण्याने या रेषा आकाशावर एकमेकींना छेदत जातात, आणि प्रत्येक छेदनबिंदूवर दोन मोजमापे जुळली पाहिजेत या एका अटीतून हजारो चुका धुऊन निघतात. मग पृथ्वीचे आयनांबर. तिथेही इलेक्ट्रॉन आहेत आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आहे, म्हणून लहर दारापाशी येऊन पुन्हा एकदा वळते. दिवसा जास्त, रात्री कमी, सूर्य खवळला असेल तर आणखी जास्त. त्यामुळे निरीक्षणे शक्यतो रात्रीची, आणि हिशेबाला जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवरून काढलेली आयनांबराची घनता. त्यात मोबाइल, विमाने, उपग्रह यांचा गोंगाट. त्यापासून बचाव व्हावा म्हणून पेंटिक्टनची वेधशाळा डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसवलेली आहे.

क्षेत्र मोजायची आणखी एक वाट आहे: आकाशगंगेच्या पलीकडच्या दूरस्थ रेडिओ दीर्घिका. त्यांच्या ध्रुवित लहरी आपल्या आकाशगंगेतून येताना वळतात, आणि प्रत्येक दीर्घिका त्या एका दिशेतले एकूण वळण सांगते. अमेरिकेतल्या व्हीएलए या दुर्बीणसमूहाच्या जुन्या सर्वेक्षणातून रसेल टेलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असे ३७,५४३ आकडे काढले. तीन वर्षांनी जर्मनीतल्या गार्खिंग येथे नील्स ओपरमान यांच्या गटाने सगळ्या याद्या एकत्र करून संपूर्ण आकाशाचा फॅरेडे-नकाशा तयार केला. आता पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅस्कॅप समूहाच्या ३६ थाळ्यांवर चाललेले सर्वेक्षण ही संख्या लाखांत नेणार आहे.

या आकड्यांतून आणि पल्सार ताऱ्यांच्या लहरींच्या अशाच मोजमापांतून एक चित्र उभे राहिले आहे. सूर्याच्या शेजारात क्षेत्र ढोबळपणे सर्पिल भुजेला धरून, हंस तारकासमूहाच्या बाजूला रोखलेले आहे. पण तिथून आकाशगंगेच्या केंद्राकडे थोडे सरकले, धनू भुजेपाशी गेले, की ते उलटते. शेजारच्या दीर्घिकांत इतकी स्पष्ट उलथापालथ सहसा दिसत नाही. देवयानी दीर्घिकेत, म्हणजे एम-३१ मध्ये, क्षेत्र एका भल्यामोठ्या कड्यासारखे एकाच दिशेने फिरते. एम-५१ मध्ये ते भुजांना धरून वळते. जर्मनीतल्या एफेल्सबर्ग येथील १०० मीटर दुर्बिणीने हे फार सुरेख टिपले आहे. आपल्याकडचा उलटेपणा किती दूरवर पसरलेला आहे आणि तो आला कोठून, हा या क्षेत्रातला उघडा प्रश्न आहे. दीर्घिकेची फिरण्याची गती आणि वायूची खळबळ मिळून क्षीण बीज-क्षेत्राला वाढवत नेतात, हा डायनॅमोचा सिद्धांत सर्वमान्य आहे. पण बीज कसे पडले आणि उलटी दिशा का टिकून राहिली, यांवर मतभेद आहेत. आपण आत बसून पाहतो, हीच इथली मोठी अडचण.

जे एकाला अडथळा ते दुसऱ्याला धन, याचा सर्वांत गाजलेला दाखला मार्च २०१४ मधला. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केले, की विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वलहरींचा ठसा त्यांना सूक्ष्मलहरींच्या ध्रुवणात सापडला आहे. बातमी जगभर गेली. प्लांक उपग्रहाने ३५३ गिगाहर्ट्झवर आकाशगंगेतल्या धुळीचे ध्रुवण मोजले होते. दोन्ही गटांनी २०१५ च्या सुरुवातीला एकत्र हिशेब केला तेव्हा त्या संकेताचा मोठा भाग आपल्याच आकाशगंगेतल्या, चुंबकीय क्षेत्राने रांगेत उभ्या केलेल्या धुळीचा निघाला. हिल्टनर आणि हॉल यांना जी धूळ भेटली होती, तीच. आज विश्वाच्या जन्माचा शोध घेणाऱ्यांना आकाशगंगेच्या चुंबकत्वाचा नकाशा आधी लागतो, तो वजा करण्यासाठी. कॅलिफोर्निया आणि दक्षिण आफ्रिकेतून ५ गिगाहर्ट्झवर चाललेले सी-बॅस सर्वेक्षण, टेनेरिफ बेटावरचे किहोटे, पार्क्सवरचे २.३ गिगाहर्ट्झचे एस-पास, ही सगळी थोड्याफार प्रमाणात याच गरजेतून जन्मली. आणि एस-पासने वजा करायच्या त्या पसाऱ्यातच मोठे घबाड शोधले: २०१३ मध्ये एत्तोरे कारेट्टी यांच्या गटाने आकाशगंगेच्या केंद्रातून वर आणि खाली उसळणारे, आकाशाचे सुमारे ६० अंश व्यापणारे, चुंबकीय क्षेत्र सोबत वाहून नेणारे दोन प्रचंड प्रवाह दाखवले. गॅमा किरणांत २०१० मध्ये सापडलेल्या फर्मी बुडबुड्यांशी ते बऱ्याच अंशी जुळतात.

या नकाशांवरचे सर्वांत जुने भांडण मात्र अजून मिटलेले नाही. भुजंगधारीच्या परिसरातून निघून स्वाती ताऱ्याच्या भूतप समूहाच्या दिशेने वर चढणारी एक तेजस्वी कमान आहे. तिला ‘नॉर्थ पोलर स्पर’ म्हणतात. वृश्चिक आणि नरतुरंग यांच्याकडच्या तरुण ताऱ्यांच्या स्फोटांनी व वाऱ्यांनी फुगवलेल्या, आपल्यापासून काहीशे प्रकाशवर्षांवरच्या बुडबुड्याची ती कड, असे अनेकांचे मत. ती केंद्रातल्या एखाद्या महास्फोटाची खूण असून हजारो प्रकाशवर्षे दूर आहे, असे इतरांचे. ताऱ्यांच्या प्रकाशाचे ध्रुवण आणि त्यांची अंतरे यांच्याशी ताडले तर कमानीचा वरचा भाग जवळचा ठरतो. उलट २०२० मध्ये ई-रोझिटा या क्ष-किरण दुर्बिणीने केंद्राच्या दोन्ही बाजूंना फुगलेले विराट बुडबुडे दाखवले आणि कमान त्यांच्या कडेशी अगदी जुळून दिसते. २०२१ मध्ये टोरॉन्टोच्या जेनिफर वेस्ट आणि सहकाऱ्यांनी तिसरेच चित्र मांडले. नॉर्थ पोलर स्पर आणि आकाशाच्या विरुद्ध बाजूचा फॅन रीजन या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. आपल्याभोवती सुमारे १,००० प्रकाशवर्षे लांबीचे चुंबकीय तंतू बोगद्याच्या भिंतींसारखे पसरले आहेत, साधारण ३५० प्रकाशवर्षे दूर, आणि आपण त्या बोगद्याच्या आत आहोत. दोन टोकांकडे पाहताना तेच तंतू आपल्याला दोन निरनिराळी तेजस्वी रूपे वाटतात. दुसरीकडे, फॅन रीजनच्या तेजाचा काही भाग ययाती भुजेच्याही पलीकडून, साडेसहा हजार प्रकाशवर्षांहून दुरून येतो, असे २०१७ च्या एका अभ्यासाने दाखवले आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. एका दृष्टिरेषेवर जवळचे आणि दूरचे दोन्ही चमकतात. कोणता वाटा कोणाचा, हे वेगळे करण्यासाठी ३०० मेगाहर्ट्झपासून वरची सलग मोजमापे हवीत, कारण जवळच्या थरांचे बारीक वळण लांब लहरींतच उलगडते. पार्क्सवरून घेतलेला दक्षिणेचा ३०० ते ४८० मेगाहर्ट्झचा भाग २०१९ पासून सर्वांसाठी खुला आहे, आणि उत्तरेकडच्या कमी वारंवारतांची बाजू पेंटिक्टनच्या १५ मीटर दुर्बिणीने हाती घेतली आहे.